ज्युपिटर नोटबुकात ज्युलिया भाषा कशी बसवावी

ज्युपिटर नोटबुक म्हणजे ब्राउझरमध्ये कोड लिहून तेथेच उत्तर पाहण्याची वही. तिच्यात समोर दिसणारा सेल, म्हणजे कोड लिहिण्याचा चौकोन, स्वतः काहीही मोजत नाही. त्यात लिहिलेली ओळ ब्राउझरमधून ज्युपिटरच्या सर्व्हरकडे जाते, सर्व्हर ती 'कर्नल' नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवतो आणि ज्या भाषेचा कर्नल चालू असेल, ती भाषा उत्तर परत धाडते. ज्युलिया ही प्रोग्रामिंग भाषा बसवताना येणाऱ्या बहुतेक अडचणी भाषेच्याही नसतात आणि नोटबुकच्याही नसतात. त्या या मधल्या दुव्याच्या असतात. म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यावर आपण नेमके काय बसवत आहोत, भाषा, नोटबुक की दुवा, याचे भान ठेवावे.

ज्युपिटर हे नाव ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांच्या नावांवरून बेतलेले आहे. तरीही ज्युपिटर बसवल्यावर पायथनचा कर्नल आपोआप मिळतो, ज्युलियाचा मात्र स्वतः जोडावा लागतो. नावात पहिला मान आणि पंगतीत शेवटचे पान, असा हा प्रकार आहे.

भाषेपासून सुरुवात करावी. ज्युलियावर २००९ मध्ये काम सुरू झाले, २०१२ मध्ये ती जाहीर झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिची १.० ही आवृत्ती आली. तेव्हापासून नव्या आवृत्त्या ठरावीक काळाने येत असल्यामुळे भाषा थेट उतरवून घेण्याऐवजी 'ज्युलियाअप' या व्यवस्थापकामार्फत बसवणे शहाणपणाचे ठरते. विंडोजवर तो मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मिळतो. मॅक आणि लिनक्सवर अधिकृत संकेतस्थळावरची एका ओळीची आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, चालवावी लागते. नंतर नवे टर्मिनल उघडून 'ज्युलिया' एवढेच, इंग्रजीत आणि सर्व अक्षरे लहान ठेवून, टाइप करावे. आवृत्तीचा क्रमांक आणि हिरवा प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञेची वाट पाहणारी खूण, दिसला की भाषा बसली. नोटबुकचा विचार त्याआधी करू नये, कारण टर्मिनलमध्ये न चालणारी ज्युलिया नोटबुकातही चालणार नाही.

आता दुवा. त्याचे काम 'आयज्युलिया' नावाचे पॅकेज, म्हणजे भाषेला जोडायचा तयार कोडसंच, करते. हिरव्या प्रॉम्प्टवर उजवा चौकोनी कंस दाबल्यास प्रॉम्प्ट निळा होतो. ही पॅकेज व्यवस्थापकाची खूण आहे. तेथे 'अ‍ॅड' लिहून पुढे पॅकेजचे नाव द्यावे. या नावातील आय आणि जे ही पहिली दोन अक्षरे मोठी, म्हणजे कॅपिटल, असतात. ती लहान लिहिल्यास पॅकेज सापडत नाही. काम संपल्यावर बॅकस्पेसने हिरव्या प्रॉम्प्टवर परतावे.

येथून दोन वाटा फुटतात. संगणकावर ज्युपिटर नसेल, तर 'युजिंग' या शब्दाने आयज्युलिया पॅकेज आणून 'नोटबुक' हे फंक्शन रिकाम्या कंसासह चालवावे. ज्युपिटर सापडले नाही, तर ते कोंडा या पॅकेज व्यवस्थापकामार्फत बसवू का, असा प्रश्न येतो; होकार दिल्यास ज्युलियापुरते वेगळे ज्युपिटर उतरवले जाते. नवख्याने हीच वाट धरावी. ज्युपिटर आधीपासून वापरत असल्यास मात्र दुसरे बसवू नये, कारण एकाच संगणकावर दोन ज्युपिटर असले की कोणता कर्नल कोणाला दिसतो, हे शोधण्यात वेळ जातो. नेहमीचे ज्युपिटर उघडून नव्या नोटबुकच्या यादीत ज्युलियाचे नाव आले आहे का, ते पाहावे. आले नसेल, तर टर्मिनलमध्ये 'ज्युपिटर कर्नलस्पेक लिस्ट' ही आज्ञा नोंदवलेले सर्व कर्नल आणि त्यांचे फोल्डर दाखवते.

ही नोंद म्हणजे साध्या मजकुराची एक छोटी जेसन फाइल असते आणि ज्युलियाचा प्रोग्राम संगणकावर नेमका कोठे आहे, तो मार्ग तिच्यात लिहिलेला असतो. येथेच बहुतेकांची फसगत होते. ज्युलियाअपने भाषा अद्ययावत केली की नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात जाते, जुनी कालांतराने पुसली जाते आणि नोंदीतला मार्ग मात्र जुनाच राहतो. मग कालपर्यंत चालणारी नोटबुक आज 'कर्नल सुरू होत नाही' असे सांगते. उपाय सोपा आहे. नवी ज्युलिया टर्मिनलमध्ये उघडावी आणि आयज्युलियाचे 'इन्स्टॉलकर्नल' हे फंक्शन, अवतरणचिन्हांत कर्नलचे नाव देऊन, पुन्हा चालवावे. आवृत्तीतील दुसरा आकडाही बदलला असेल, उदाहरणार्थ १.१० वरून १.११, तर मूळ एन्व्हायर्नमेंटच, म्हणजे जोडलेल्या पॅकेजांचा संचच, वेगळे होते. अशा वेळी आधी आयज्युलियाही नव्याने 'अ‍ॅड' करावे लागते.

दुवा जुळल्याची खात्री पहिल्याच सेलमध्ये करावी. 'व्हर्जनइन्फो' फंक्शन चालवून अपेक्षित आवृत्ती दिसते का, हे पाहावे. मग लिनिअर अल्जिब्रा हे भाषेसोबतच येणारे पॅकेज आणून १००० गुणिले १००० आकाराचा यादृच्छिक मॅट्रिक्स आणि तेवढ्याच लांबीचा सदिश घ्यावा, दोघांमध्ये उलटी तिरपी रेघ देऊन समीकरणे सोडवावीत आणि उत्तर मॅट्रिक्सने गुणून मूळ सदिशाशी असलेल्या फरकाचे 'नॉर्म', म्हणजे त्या फरकाची लांबी, काढावे. येणारी संख्या शून्याला अगदी जवळची असते, सहसा शून्य नसते. ६४ बिटांच्या दशांश संख्येत सुमारे १६ सार्थ अंकच मावतात, हे त्याचे कारण. ओळीच्या शेवटी अर्धविराम दिल्यास उत्तर छापले जात नाही.

एखादी क्रिया पहिल्यांदा चालवताना सेल रेंगाळतो आणि दुसऱ्यांदा झटकन चालतो. हा बिघाड नव्हे. ज्युलिया प्रत्येक फंक्शन पहिल्या वापराच्या वेळी कंपाइल करते, म्हणजे यंत्रकोडात बदलते. २०२३ मध्ये आलेल्या १.९ आवृत्तीपासून पॅकेजांचा कंपाइल केलेला यंत्रकोड साठवला जात असल्याने ही वाट पाहणे पुष्कळ कमी झाले आहे. वेग मोजताना पहिली फेरी मात्र धरू नये.

पॅकेजांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. आयज्युलिया मूळ एन्व्हायर्नमेंटमध्ये असावे, बाकीची पॅकेजे ज्या त्या प्रकल्पाच्या फोल्डरात असावीत. सेलच्या आरंभी उजवा चौकोनी कंस देऊन 'अ‍ॅक्टिव्हेट' आणि पुढे एक टिंब लिहिल्यास चालू फोल्डर हाच प्रकल्प ठरतो. त्यानंतर पॅकेज जोडताच तेथे प्रोजेक्ट आणि मॅनिफेस्ट या नावांच्या दोन टॉमल फाइली तयार होतात. दुसरीत प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती असते. नोटबुक दुसऱ्याला देताना या दोन्ही फाइली सोबत द्याव्यात. घेणाऱ्याने ते फोल्डर 'अ‍ॅक्टिव्हेट' करून 'इन्स्टॅन्शिएट' ही आज्ञा दिली की तीच पॅकेजे त्याच्याकडे उतरतात.

मांडणी झाल्यावरही नोटबुकचे दोन स्वभाव ध्यानात ठेवावे लागतात. सेलमध्ये उघड्यावर, म्हणजे फंक्शनच्या बाहेर, लिहिलेले चल ग्लोबल असतात, त्यांचा प्रकार कधीही बदलू शकतो आणि त्यामुळे कंपाइलरला वेगवान कोड बनवता येत नाही. जड लूप फंक्शनमध्ये घालून त्याला लागणारी मूल्ये कंसातून दिली, तर तीच आकडेमोड कित्येक पटींनी लवकर होते. ज्युलिया संथ असल्याच्या तक्रारीचे मूळ बरेचदा येथे सापडते. दुसरा स्वभाव नोटबुकातून फाइलीकडे जाताना कळतो. सेलमधल्या 'फोर' लूपला बाहेरचा चल बदलता येतो. तोच मजकूर फाइलीत ठेवून चालवला, तर ज्युलिया आधी इशारा देते आणि मग चल अपरिभाषित असल्याची त्रुटी दाखवून थांबते. लूपमध्ये त्या चलाआधी 'ग्लोबल' हा शब्द लिहून ती दूर होते, परंतु लूप फंक्शनमध्ये नेल्यास वेगाचा आणि हा, असे दोन्ही प्रश्न एकदमच मिटतात.