बंधाऱ्यावरचे बॅरिकेड बाजूला सारण्याआधी

वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णेवरचे जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर हे आपल्या चिक्कोडी-निपाणी भागातले पूल म्हणजे मुळात बंधारे आहेत. पाणी अडवण्यासाठी बांधलेले असल्यामुळे त्यांची उंची कमी आहे आणि नदी जराशी फुगली की ते पाण्याखाली जातात. दोन्ही टोकांना बॅरिकेड लागते, आणि तरीही दरवर्षी कोणी ना कोणी ते सारून गाडी पाण्यात घालतो. अशी वेळ आपल्यावर येऊ नये यासाठी काय करावे, हे येथे लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जायचे की नाही हे घरातून निघतानाच ठरवावे. बॅरिकेडपाशी उभे राहिल्यावर माणसाचा निर्णय सहसा चुकतो, कारण पलीकडचे गाव डोळ्यांसमोर दिसत असते, वळसा वीस-पंचवीस किलोमीटरचा असतो आणि त्याच वेळी एखादा ट्रॅक्टर पाण्यातून सावकाश पार होताना दिसतो. म्हणून निघण्याआधी पलीकडच्या गावातल्या पाहुण्यांना किंवा ग्रामपंचायतीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करावा आणि पाणी किती आहे एवढेच न विचारता ते चढते आहे की उतरते आहे, हेही विचारावे. मलिकवाड-दत्तवाडसारख्या ठिकाणी एक टोक कर्नाटकात आणि दुसरे महाराष्ट्रात असल्याने एकीकडची बातमी दुसरीकडे उशिरा पोहोचू शकते, तेव्हा दोन्ही बाजूंना विचारलेले बरे.

आपल्या गावावरच्या आभाळाकडे पाहून अंदाज बांधू नये. निपाणीत लख्ख उघडीप असली तरी घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो, आणि पाटगाव धरणातून वेदगंगेत, काळम्मावाडीतून दूधगंगेत, कोयना-वारणेतून कृष्णेत सोडलेले पाणी काही तासांनी आपल्या दारात येते. सकाळी कामाला जाताना उघडा असलेला बंधारा संध्याकाळी परतताना बुडालेला सापडतो, तो यामुळेच. परतीचा मार्गही सकाळीच ठरवून ठेवावा. कल्लोळ-यडूर बंद असेल तर अंकली-मांजरीच्या उंच पुलावरून फिरून जावे लागते. त्यात तास मोडतो, तो मोडू द्यावा. महापूर असेल तर उंच पुलाचीही चौकशी करावी, कारण 2019 आणि 2021 मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेच्या पाण्यामुळे पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा बंद पडला होता.

एवढे करूनही बॅरिकेडसमोर येऊन थांबलातच, तर समोरच्या पाण्याबद्दल काही गोष्टी ध्यानात घ्या. पाणी गढूळ असल्याने खाली स्लॅब शाबूत आहे की भराव वाहून गेला आहे, हे वरून कळत नाही. अशा बंधाऱ्यांना अनेकदा कठडे नसतात, त्यामुळे रस्त्याची कड कुठे संपते हेही दिसत नाही. लहान मोटारीचा तळ जमिनीपासून साधारण 17 सेंटीमीटर उंच असतो आणि तिचा पसारा सहा चौरस मीटरच्या आसपास असतो. तळाच्या वर 15 सेंटीमीटर पाणी चढले की ते गाडीला सुमारे 900 किलोंच्या जोराने वर उचलते, आणि लहान गाडीचे वजन जवळपास तेवढेच असते. म्हणजे फूटभर पाण्यात चाकांची पकड सुटते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ट्रॅक्टर पार झाला म्हणून आपण पार होऊ, हा हिशेब येथे लागू पडत नाही, कारण त्याचे वजन आणि मोठी चाके आपल्या गाडीला नाहीत.

मी स्वतः एकदा अशाच ट्रॅक्टरच्या मागून मोटारसायकल घातली होती. पाणी जेमतेम पुढच्या चाकाच्या आसापर्यंत होते. उसाचे पाचट चाकात अडकले आणि हँडल सरळ धरलेले असतानाही पुढचे चाक कसलाही आवाज न करता वीतभर बाजूला सरकले. मी तेथेच उतरलो आणि दोघांच्या मदतीने गाडी मागे ओढली. त्या वीतभर सरकण्यानंतर मी बॅरिकेडला कधी हात लावलेला नाही.

बॅरिकेड सारणाऱ्याचा धोका त्याच्यापुरता राहत नाही, हे मला सर्वांत जास्त टोचते. तो घाईत पार होतो आणि पिंप, दगड, बाभळीच्या काटेरी फांद्या तशाच बाजूला पडून राहतात. रात्री मागून येणाऱ्या परगावच्या गाडीला रस्ता मोकळा दिसतो. त्यामुळे सारलेले बॅरिकेड दिसले तर ते पुन्हा आडवे लावावे आणि 112 वर कळवावे. गावातल्या मंडळींनी अडथळा पाण्याच्या कडेला न लावता मागे, गाडी वळवता येईल अशा शेवटच्या फाट्यावर लावावा, त्यावर कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत पाटी असावी आणि रात्री दिवा किंवा चमकणारी पट्टी असावी. पाण्याच्या काठाशी पोहोचलेल्या ट्रकला मागे फिरता येत नाही, आणि मग चालक पुढे जाण्याचाच विचार करतो.

गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नये. इंजिनात पाणी ओढले गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विमा कंपनी असा खर्च अनेकदा नाकारते. पण त्या क्षणी इंजिनाची काळजी दुय्यम आहे. आधी सीटबेल्ट सोडावा आणि विजेवर चालणाऱ्या काचा चालतात तोवर खाली कराव्यात, कारण बाहेरच्या दाबामुळे दार उघडत नाही. काच अडकलीच तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टणक वस्तूने मारावे. पुढची काच थरांची असल्याने फुटून मोकळी होत नाही. लहान मुलांना आधी बाहेर काढावे आणि गाडी कशाला तरी अडकून स्थिर असेल तर टपावर थांबून मदत मागावी. काठावरच्यांनी पाण्यात उडी न घेता दोर किंवा फुगवलेली ट्यूब फेकावी.

पाणी ओसरल्यावरही लगेच जाऊ नये. स्लॅब दिसू लागला तरी दोन्ही टोकांचा भराव आतून पोखरलेला असू शकतो आणि वर घोटाभर निसरडा गाळ असतो. बांधकाम खात्याच्या माणसांनी पाहणी करून बॅरिकेड हटवल्यावरच गाडी घालावी, आणि पहिल्या दिवशी दुचाकीवर मागे कोणाला बसवू नये.