गृहभेटीला जाताना वही पिशवीत ठेवा

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षी माझं फील्डवर्क नाशिकच्या सातपूरला होतं. एका शाळकरी मुलाच्या घरी, पहिल्या गृहभेटीला, गळ्यात ओळखपत्र, हातात वही अशी सकाळी अकराला पोचले. आईबाप दोघंही कंपनीत, घरात फक्त आजी. "ते आल्यावर येते," म्हणून मी माघारी फिरले. संध्याकाळी फील्डवर्कच्या मॅडमनी विचारलं, "आजींशी काय बोललीस?" काहीच नाही!

पुढच्या वेळी वही पिशवीतच राहिली. आजींसमोर बसून मेथी निवडायला घेतली. अर्धी जुडी होईस्तोवर कळलं, की अंगणवाडी सुटली की धाकटीला बघायला कोणी नाही, आजींना नीट दिसत नाही, म्हणून पोराची शाळा बुडते. शाळेच्या शेऱ्यात मात्र 'अभ्यासात रस नाही'. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. तुम्हीही बदलत जा.)

गृहचौकशी अहवाल लिहिताना 'घरची परिस्थिती हलाखीची' एवढ्यावर भागवू नका. तो बाल कल्याण समितीपुढे जातो; तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. ते त्या घरी गेलेले नसतात, तुमच्या कागदावरूनच ते घर बघतात. मूल घरी ठेवायचं की संस्थेत, हे ठरवताना तो कागद समोर असतो. घरात कोण किती वाजता असतं, हेसुद्धा लिहा.

माझी मोठी चूक वेगळीच. एका मुलीला मी म्हणाले, "सांग, मी कोणाला सांगणार नाही." तिनं सांगितलं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मूल अशा अत्याचाराबद्दल बोललं, की पोलिसांना कळवावंच लागतं. कळवलं. त्यानंतर ती मुलगी माझ्याकडे बघेना. कायदा मला पाठ होता, तरी तोंडातून ते वाक्य गेलंच. आता सुरुवातीलाच सांगते, "तुला त्रास होत असेल तर मला ते एकटीजवळ ठेवता येणार नाही. पण कोणाला सांगणार, ते आधी तुला सांगेन." काही मुलं गप्प बसतात. बसू द्यावं. पुन्हा जावं.

पगाराचं म्हणाल, तर प्रोजेक्ट संपला की बऱ्याचदा नोकरीही संपते. घरी आधीच सांगून ठेवा.

आणि द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी, निफाडला मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांना दिवसा गाठायला जाऊ नका. बागेतून परतून चूल पेटली, की जा.