वाळूच्या टेकड्यांसाठी एटीव्हीचं गिअरिंग आणि क्लच

वाळूत एटीव्हीला (चारचाकी ऑफ-रोड बाईक) पॅडल टायर (वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचे टायर) लावले की इंजिनावर लोड एकदम वाढतो, मग तिसऱ्या-चौथ्या गिअरला चढावर गाडी दम टाकते आणि आपण क्लच दाबून आरपीएम वर आणत बसतो, तिथेच क्लचच्या प्लेटा जळतात. म्हणून आधी गिअरिंग बघा, क्लच नंतर.

पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात कमी करा. समजा १४/३८ (पुढचे/मागचे दात) आहे म्हणजे रेशो (मागचे भागिले पुढचे) २.७१, पुढे १३ लावला की २.९२ होतो. मागे तीन दात वाढवूनही जवळपास तेवढंच मिळतं, पण मोठा स्प्रॉकेट जमिनीच्या जास्त जवळ येतो आणि चेनही लांब लागू शकते, त्यामुळे मी तरी पुढचाच बदला म्हणेन. टॉप स्पीड थोडा जाईल, जाऊ दे, टेकडीवर खेचणं महत्त्वाचं. चेनचा ढिलेपणा परत सेट करा आणि स्विंगआर्मवरचा (मागचं चाक धरणारा दांडा) स्लायडर, म्हणजे चेनखालची संरक्षक पट्टी, तपासत राहा, छोट्या स्प्रॉकेटमुळे तो लवकर घासतो.

आता क्लच. हेवी ड्युटी स्प्रिंग आणि नवीन फायबर प्लेटा टाका, प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवा, कोरड्या बसवू नकाच! स्टील प्लेट निळी पडली किंवा वाकली असेल तर बदला, बास्केटला (प्लेटा बसतात ती वाटी) खाचा पडल्यात का तेही बघा. स्प्रिंगचे बोल्ट आलटून पालटून, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा, घाईत हमखास तुटतात. ऑइल जासो एमए ग्रेडचंच (ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचसाठीचं जपानी मानक). लिव्हरला थोडा फ्री प्ले (मोकळी हालचाल) हवाच, नाहीतर नवा क्लचपण स्लिप होणार.