प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचा कोर्स घेतलाय? आधी रफ वही घ्या

एम.एस्सी.ला प्रॉब्लेम सॉल्व्हिंग घेतलेल्या ज्युनिअर मुली दोन आठवड्यांतच रडकुंडीला येतात. "ताई, एकही गणित सुटत नाही, कोर्स बदलू का?" बदलू नका. बी.एस्सी.पर्यंत धडा कुठला ते ठाऊक असायचं, त्यामुळे थिअरम कुठला लावायचा हेही कळायचं. इथे नेमकं तेच शोधायचं असतं, आणि ते शोधताना अडकणं हाच अभ्यास. अमेरिका-कॅनडातल्या कॉलेजच्या मुलांसाठी पटनम नावाची स्पर्धा असते. तीन-तीन तासांची दोन सत्रं, 12 प्रश्न, 120 गुण. गणितात मुरलेली मुलं बसतात, तरी कित्येक वर्षी त्यातल्या निदान निम्म्यांना शून्य किंवा एकच गुण मिळतो. तेव्हा "मला जमतच नाही" असं इतक्यात ठरवून टाकू नका.

पहिलं काम म्हणजे शंभर पानी वही घ्या आणि त्यात खोडरबर वापरू नका. चुकलेल्या वाटेवर एक रेघ मारा, बाजूला का चुकली ते लिहा. परीक्षेच्या आधी मला फेअर नोट्सपेक्षा ही वहीच जास्त उपयोगी पडली.

दुसरं, आकडे लहान करून बघा. आमच्या सरांनी दिलेलं एक गणित सांगते. कोणतेही 10 पूर्णांक एका ओळीत लिहा. त्यातले लागोपाठचे काही (एकच घेतला तरी चालेल) असे निवडता येतात, की त्यांच्या बेरजेला 10 ने पूर्ण भाग जातो. सिद्ध करा.

मी तासगावहून एस.टी.नं सांगलीला यायचे. गाडीत वही उघडता येत नाही, म्हणून आदल्या रात्री गणित वाचून ठेवायचं आणि वाटेत डोक्यात घोळवायचं, ही सवय लागली. सरांच्या त्या गणितात दहाच्या जागी तीन आकडे घ्या: 4, 7, 5, आणि भाग 3 ने. सुरुवातीपासून बेरजा करत चला: 4, 11, 16. तीनने भागल्यावर बाकी 1, 2, 1. पहिली आणि तिसरी बाकी सारखी! मग 16 वजा 4, म्हणजे 12, म्हणजेच 7 अधिक 5. भाग गेला. हे दिसलं की दहाचं गणित हातात येतं. सुरुवातीपासूनच्या बेरजा दहा होतात. एखादीची बाकी 0 आली तर काम तिथेच झालं. नाही आली, तर उरलेल्या बाक्या 1 ते 9, फक्त नऊ. बेरजा दहा आणि बाक्या नऊ, म्हणून दोन बेरजांची बाकी सारखी येणारच. त्यांची वजाबाकी केली की मधले आकडे उरतात आणि त्यांच्या बेरजेला 10 ने भाग जातो. शेवटी वापरलं काय, तर पिजनहोल तत्त्व: घरांपेक्षा कबुतरं जास्त असली, की एखाद्या घरात दोन येणारच. ते सगळ्यांना पाठ असतं. बेरजा सुरुवातीपासून घ्यायच्या हे मात्र सुचावं लागतं, आणि ते लहान आकड्यांशी खेळल्याशिवाय सुचत नाही.

उत्तर लगेच बघू नका. निदान एक रात्र मधे जाऊ द्या. बघितलंच, तर पहिली ओळ वाचून पुस्तक मिटा आणि पुढचं स्वतः करा.

सरांकडे जाताना "समजलं नाही" एवढंच सांगू नका. "तीनसाठी जमलं, चारसाठी इथे अडलं" असं वही पुढे करून विचारा. सर मग उत्तर न सांगता एकच प्रश्न विचारतात, आणि तो प्रश्न फार मोलाचा असतो.

एक मैत्रीण जोडीला हवीच, पण आधी दोघींनी वेगवेगळं बसायचं. मग विश्रामबागेत चहाला बसल्यावर तिला तोंडी पटवून द्या. तिनं "हे कशावरून?" विचारलं आणि तुम्ही अडखळलात, तर सिद्धतेतली भोकं नेमकी तिथेच आहेत असं समजा. गुण बहुतेक तिथेच जातात: "उघड आहे" लिहिलेल्या ओळीत.

सरावाला माधव गणित स्पर्धेचे जुने पेपर घ्या. ते पदवीच्या मुलांसाठी असतात, पण सुरुवात तिथूनच करा. सोपे वाटले तरी प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यांत लिहून काढा आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला तपासायला द्या.