फोन अडकतोय, बॅटरी टिकत नाही? या चुका टाळा

दुपारी दोनलाच बॅटरी ४० टक्क्यांवर आली किंवा कॅमेरा उघडताना फोन अडकायला लागला, की बहुतेक जण रीसेंटमधली (नुकत्याच वापरलेल्या ॲप्सच्या यादीतली) सगळी ॲप्स बंद करतात आणि एखादं क्लीनर ॲप टाकून घेतात. या दोन्हींनी बॅटरी वाचत नाही, उलट जास्त जाते. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार. फोन मंदावण्याची आणि बॅटरी उतरण्याची कारणं बहुतेक वेळा चारच असतात: उष्णता, भरलेलं स्टोरेज, कमकुवत नेटवर्क आणि जुनी झालेली बॅटरी. आपल्याकडे यातलं नेमकं काय आहे ते आधी शोधा, मग सेटिंग्जना हात लावा.

न तपासता उपाय सुरू करणं

शोधायची सोपी रीत म्हणजे तीन रात्री फोनवर लक्ष ठेवणं. पहिल्या रात्री झोपताना बॅटरीचा आकडा लिहून ठेवा, चार्जर न लावता फोन बाजूला ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. ८० चे ७५ झाले असतील तर काळजीचं कारण नाही. ८० चे ६० झाले असतील, तर फोन रात्रभर जागा होता. दुसऱ्या रात्री हेच एअरप्लेन मोडवर करा (गजर वाजतो, पण कॉल येणार नाहीत हे घरच्यांना सांगून ठेवा). उतार एकदम थांबला, तर दोष नेटवर्कचा किंवा नेटवरून सतत काहीतरी ओढणाऱ्या ॲपचा. तसाच राहिला, तर तिसऱ्या रात्री सेफ मोड. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर मेनूतल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की सेफ मोडचा पर्याय येतो. यात तुम्ही टाकलेली ॲप्स चालत नाहीत. इथे बॅटरी टिकली तर गुन्हेगार तुम्हीच टाकलेलं एखादं ॲप आहे, आणि इथेही उतरली तर बॅटरीवर संशय घ्यायचा.

ॲपचं नाव सेटिंग्ज > बॅटरी > बॅटरी युसेजमध्ये सापडतं. तिथे स्क्रीन चालू असतानाचा आणि बॅकग्राउंडचा वेळ वेगळा बघा. दोन तास व्हिडिओ पाहिल्यावर ते ॲप यादीत वर असणारच. जे ॲप दिवसभर उघडलंच नाही आणि तरी बॅकग्राउंडमध्ये तासन्‌तास चाललंय, त्याला पकडा.

रीसेंटमधून ॲप्स सारखी उडवणं

रॅम म्हणजे चालू ॲप्स ठेवायची फोनची तात्पुरती मेमरी. ती रिकामी असून कामाची नसते. रॅममध्ये थांबलेलं ॲप लगेच उघडतं. उडवलेलं ॲप स्टोरेजमधून पहिल्यापासून उभं करावं लागतं आणि त्यात प्रोसेसर, बॅटरी दोन्ही खर्ची पडतात. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून डोझ नावाची सोय आहे: स्क्रीन बंद, फोन स्थिर आणि चार्जिंग चालू नसेल तर ॲप्सना अधूनमधूनच जागं होऊ दिलं जातं. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून अडॅप्टिव्ह बॅटरी तुमच्या सवयी बघून हेच काम करते. क्लीनर ॲप या व्यवस्थेत लुडबुड करतं आणि स्वतः मात्र सतत जागं राहतं. ते आजच काढून टाका.

ठरावीक ॲपच त्रास देत असेल, तर सेटिंग्ज > ॲप्समध्ये त्या ॲपच्या बॅटरी पर्यायात ‘रिस्ट्रिक्टेड’ निवडा आणि लोकेशनची परवानगी ‘फक्त ॲप वापरताना’ एवढीच ठेवा. सरसकट सगळ्यांना रिस्ट्रिक्टेड करू नका. सोसायटीच्या गेटचं ॲप त्यात अडकलं, तर वॉचमनने पाठवलेली सूचना तुम्हाला वेळेवर दिसणार नाही आणि कुरिअरवाला खालून परत जाईल. बँक आणि मेसेजची ॲप्स ‘ऑप्टिमाइझ्ड’वरच बरी.

स्टोरेज काठोकाठ भरू देणं

फोन अडकण्याचं हे सर्वांत दुर्लक्षित कारण. फोनच्या फ्लॅश मेमरीत जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही. आधी पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. त्यासाठी मोकळी जागा नसेल तर फोन आतल्या आत मजकूर हलवत बसतो आणि तुमचा कीबोर्डसुद्धा अक्षरं उशिरा उमटवतो. १५ टक्के जागा मोकळी ठेवा, म्हणजे १२८ जीबीच्या फोनमध्ये १९-२० जीबी.

जागा खाण्यात व्हॉट्सॲपचा वाटा मोठा असतो. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज > स्टोरेज अँड डेटा > मॅनेज स्टोरेज इथे ५ एमबीहून मोठ्या फाइल्स आणि खूपदा फॉरवर्ड झालेले व्हिडिओ वेगळे दिसतात. खाली ग्रुपनुसार यादी असते. गणपतीतले आरतीचे व्हिडिओ आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभात तिथून एकगठ्ठा काढता येतात. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली की डाउनलोड थांबतं असं समजणं. त्याने नवे फोटो फक्त गॅलरीत दिसेनासे होतात, जागा खायचे ते खातातच. डाउनलोड थांबवायचं तर ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’मध्ये मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हीकडच्या खुणा काढा. दुसरी, गॅलरीतून फोटो डिलीट करून जागा झाली असं मानणं. डिलीट केलेले फोटो बिनमध्ये पडून राहतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले ६० दिवस, न घेतलेले ३० दिवस. बिन रिकामी केल्यावरच जागा मोकळी होते.

‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ यांत गल्लत नको. कॅश म्हणजे ॲपने साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स, त्या पुसल्या तर नुकसान काही नाही. यूपीआय ॲपचा डेटा पुसलात, तर सिमवरून एसएमएस पाठवून सगळी नोंदणी पुन्हा करावी लागेल, आणि तीही नेमकी मंडईत पिशवी हातात धरून.

‘रॅम प्लस’सारखी आभासी रॅम स्टोरेजचाच तुकडा वापरते. जुन्या, स्वस्त फोनमध्ये स्टोरेज मुळातच मंद असतं, तिथे ती बंद करून फरक पडतो का ते बघा.

उन्हात, हँडलवर, चार्जिंगला लावून मॅप्स

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत सर्वाधिक नुकसान इथे होतं. स्कूटरच्या होल्डरला फोन, डोक्यावर चाळिशीला टेकलेलं ऊन, पूर्ण ब्राइटनेस, जीपीएस चालू, मोबाइल डेटा चालू आणि वर यूएसबीची वायर. ॲपल आपल्या फोनच्या वापरासाठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंशांपर्यंत सांगते. इथे हवाच त्याच्या वर गेलेली असते. मग काय होतं बघा: स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंगची खूण दिसत असूनही टक्के वाढत नाहीत, आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. नकाशातला बाण मागे पडतो आणि स्वारगेटच्या चौकात वळण निघून गेल्यावर ‘डावीकडे वळा’ ऐकू येतं. हा लॅग म्हणजे फोनने केलेला स्वतःचा बचाव. अशा उष्णतेत चार्ज झालेल्या लिथियम बॅटरीची क्षमता मात्र कायमची घटते.

यावर उपाय असा: निघण्याआधी शहराचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा, फोन खिशात ठेवा आणि कानात इअरफोन न घालता, सिग्नलला थांबून रस्ता बघा. होल्डर लागतोच असेल तर चार्जिंग काढा, जाड कव्हर काढा. मोटारसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला आहे. म्हणून धक्के शोषणारा होल्डर घ्या.

तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा एसीच्या तोंडाशी कधीही धरू नका. आत दव धरतं. सावलीत, कव्हर काढून, पंख्याखाली ठेवा. रात्री उशीखाली चार्जिंगला लावणं हीही तीच चूक. चार्ज पूर्ण झाला की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो, त्याची भीती नको. खरी अडचण कोंडलेल्या उष्णतेची. ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय फोनमध्ये असेल तर चालू करा.

रेंज नसताना फोनला शोधत ठेवणं

सिग्नल जितका क्षीण, तितकी जास्त ताकद लावून फोन टॉवरला हाक मारतो. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतींआड किंवा इमारतीच्या तळघरातल्या ऑफिसात बसून काम असेल, तर ५जी येत-जात राहतं आणि फोन दिवसभर ४जी-५जी अशी उडी मारत बसतो. नेटवर्क सेटिंगमध्ये तिथे ४जी निवडा. वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग लावा. राजगड-तोरण्याला जाताना नकाशा आधी उतरवून घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालतं.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये दिसेल ते दाबणं

डेव्हलपर ऑप्शन्स म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीचा, सेटिंग्जमधला लपवलेला मेनू. त्यातले ॲनिमेशनचे तीन आकडे ०.५ वर नेलेत तर फोन चपळ वाटतो, तेवढं करा. ‘बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट’ आणि ‘फोर्स ४एक्स एमएसएए’ यांना हात लावू नका. मोठ्या अपडेटनंतर दोन दिवस फोन तापणं साहजिक आहे, आतली कामं चालू असतात. लगेच फॅक्टरी रीसेट करू नका.

जुनी बॅटरी न बदलता नवा फोन घेणं

२५ टक्क्यांवरून फोन अचानक बंद पडतो, किंवा आकडा ४८ वरून थेट ३१ वर येतो, तेव्हा बॅटरी थकलेली असते. आयफोनमध्ये सेटिंग्ज > बॅटरी इथे बॅटरी हेल्थ दिसते. कमाल क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली की बदलायची वेळ आली. थकलेल्या बॅटरीने फोन मध्येच बंद पडू नये म्हणून ॲपलने २०१७ पासून काही आयफोनचा वेग कमी केला होता, आणि अशा फोनला बॅटरी बदलल्यावर वेग परत मिळतो. सॅमसंगच्या मेंबर्स ॲपमधल्या डायग्नोस्टिक्समध्येही बॅटरीची अवस्था कळते.

शक्यतो अधिकृत सेवा केंद्रातच बदला. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात करायचं असेल, तर बिल आणि वॉरंटी लेखी घ्या, आणि पाण्यापासून बचाव करणारं सील नवं लावणार का ते विचारा. त्याआधी चार्जिंगचं पोर्ट टॉर्चने बघून घ्या. खिशातल्या कापसाची गादी तिथे दाबून बसते आणि चार्जिंग मंद होतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा, टाचणी नको.

पाठ किंवा स्क्रीन कडेने उचलली गेली, सपाट टेबलावर फोन डोलायला लागला, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग त्याच क्षणी बंद करा, फोन बंद करा, दाबू नका, टोचू नका, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवा आणि सेवा केंद्रात न्या. काढलेली बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते. ई-कचरा वेगळा घेतला जातो, तिकडेच द्या.