काळ्या रानातलं अंगण: फुलझाडं आणि वेली लावण्याआधीची तयारी

यंदा मृगावर अंगणात वेली आणि कायमची फुलझाडं लावायची असतील आणि घर आमच्यासारखं मंगळवेढा-पंढरपूर-बार्शीकडच्या काळ्या जमिनीवर असेल, तर तयारीला एप्रिलमध्येच लागा. रोपवाटिकेत जायचं ते सगळ्यात शेवटी. दोन वर्षांपूर्वी मी आधी रोपं आणली, मग जागा शोधली, आणि अकरातली सात झाडं गेली. पाण्यावाचून नव्हे, पाणी साचून.

म्हणून पहिलं काम निचऱ्याचं. आपल्याला दुष्काळाची इतकी सवय की बाग म्हटलं की डोक्यात उन्हाळाच येतो. टाकी किती, बोअर कधी आटेल, ठिबक घ्यावं का, हे सगळं मीही मांडलं होतं. सप्टेंबर मनातच आला नाही. सोलापूरकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरातच पडतो, आणि काळी माती ती ओल सोडत नाही. त्याच ओलीवर मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पुढे थंडीत पिकते, आणि त्याच ओलीत चाफ्याची, बोगनवेलीची मुळं गुदमरतात. खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली तर आणखी वाईट. चिकण जमिनीत त्या खड्ड्याचा हौद होतो. चहूबाजूंचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते.

निचरा तपासायला दीड फूट खड्डा घेऊन त्यात पाणी भरा. पण एप्रिलमध्ये पहिल्यांदा भरलेलं पाणी भेगांतून भसाभस जातं, त्यावर विसंबू नका. भेगा मिटेपर्यंत दोन-तीनदा भरा आणि मग बघा. रात्री भरलेलं पाणी सकाळी तसंच उभं असेल, तर त्या जागी खड्ड्यात झाड लावायचं नाही. तिथे ओटा करायचा: जमिनीपासून फूटभर उंच, तीन फूट रुंद. दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग मुरूम, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. काळ्या मातीत दोन घमेली वाळू मिसळून काही साधत नाही. ओट्याच्या बुडाशी चर काढा आणि तो उताराकडे, कुंपणाबाहेर निघेल असा करा. चर कुठे जाऊन संपतो ते डोळ्यांनी बघा. आमच्याकडे छपराच्या पन्हाळीचं पाणी नेमकं चाफ्याच्या बुडात पडत होतं, हे मला ऑक्टोबरात कळलं.

त्या चाफ्याचं सांगते, कारण ही चूक कुणाकडूनही होईल. सप्टेंबरच्या शेवटी त्याची पानं पिवळी पडून लोंबायला लागली. मला वाटलं तहानलाय, म्हणून उघडीप होती त्या चार दिवसांत मी रोज बादलीभर पाणी घातलं. आठवड्यानं खोड बुडाशी दाबून पाहिलं तर अंगठा आत गेला. उपटलं तेव्हा मुळांची साल ओल्या कागदासारखी हातात निघाली आणि मातीला आंबूस वास होता. पान मलूल दिसलं की आधी वीतभर काडी मातीत खुपसा. काडीला चिखल लागला तर पाण्याला हात लावू नका. तहानलेलं झाड संध्याकाळी सावरतं, सडलेलं पहाटेसुद्धा मान टाकूनच असतं.

आता झाडं. कण्हेर आणि शंकासूर आधी लावा, दोन्ही उन्हाला दाद देत नाहीत. कण्हेर पानापासून मुळापर्यंत विषारी आहे, त्यामुळे शेळ्या आणि लहान मुलं पोचतील तिथे नको. पांढऱ्या चाफ्याची फांदी आणली तर सावलीत आठ-दहा दिवस ठेवून चीक सुकू द्या, ओली फांदी रोवली की कुजते. सदाफुली, कोरांटी: लावा, विचारायचं काम नाही. मोगऱ्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण आपल्या चुनखडीच्या जमिनीत त्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हवाच असेल तर मोठ्या कुंडीत लावा. बोअरचं पाणी मचूळ असेल तर मोगरा सोडून कण्हेर आणि बोगनवेलीवर भर द्या. घाणेरी रंगीत फुलं दाखवून विकतात. ती घेऊ नका, पक्षी बिया रानात नेतात आणि मग ती निघत नाही.

वेलींत बोगनवेल पहिली. एकदा रुजली की पाणी जितकं बेतानं, तितका बहर जास्त. पाणी आणि खत भरपूर दिलं की नुसती पानं येतात. मुळं नाजूक असतात, पिशवी ब्लेडनं कापा, गड्डा फुटू देऊ नका. काटे असतात म्हणून फाटकापासून पाच-सहा फूट लांब. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते आणि पुढच्या दिवसांत गुलाबी, मग लाल होते. एकाच घोसात तिन्ही रंग बघायला मी अजून थांबते. गोकर्णाचं बी रात्रभर भिजवून टाका. कळलावीचा कंद उन्हाळ्यात जमिनीत झोपून राहतो, त्याला तेव्हा पाणी नकोच. तोही विषारी, आणि ओलीत सडणारा. या सगळ्यांना ओटा लागतोच. रोप कणखर आहे असं रोपवाटिकेत सांगतात ते कोरड्याबद्दल असतं, साचलेल्या पाण्याबद्दल नसतं.

मांडव वेलीआधी. काळी जमीन फुगते-आकसते आणि खांब कलतात, तेव्हा दोन फूट खोल काँक्रीटमध्ये बसवा.

लागवड मृगाचा पाऊस झाल्यावर. मुळाचा गळा, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात ती जागा, मातीखाली जाऊ देऊ नका.

आच्छादनाला पाचट, तीन-चार इंच, खोडापासून चार बोटं लांब. उधई दिसली तर निंबोळी पेंड.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा खोल पाणी, दुसऱ्यात एकदा, ते पण काडी घालून बघून. छाटणी वगैरे नंतर.

आणि सप्टेंबर लागला की खोरं घेऊन चर मोकळे करा, पाचट वाहून तोंडाशी अडकलेलं असतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी चहाआधी बाहेर जाऊन प्रत्येक ओट्याच्या बुडाशी बघा. पाणी उभं असेल तर त्याच वेळी वाट काढून द्या.