अबोल टीमप्रमुखाने बैठक कशी चालवावी

अबोल स्वभावाच्या माणसाकडे टीमची सूत्रे आली की त्याची पहिली कसोटी साप्ताहिक बैठकीत लागते. तिची विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवावी आणि प्रत्येक विषयापुढे नेमका कोणता निर्णय हवा आहे हेही लिहावे, म्हणजे आयत्या वेळी शब्दांसाठी चाचपडावे लागत नाही. ॲमेझॉनमध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून २००४ साली पॉवरपॉइंट हद्दपार झाले आणि सुरुवातीला सर्वांनी लेखी टिपण शांतपणे वाचण्याची पद्धत रुजली; लिहून विचार करणाऱ्यांना ती विशेष मानवते.

बैठकीची सुरुवात स्वतःच करावी, कारण उशीर होत जातो तसतसे तोंड उघडणे जड जाते. अनपेक्षित प्रश्न आल्यास “आकडे तपासून चारपर्यंत कळवतो” असे सांगावे आणि खरोखरच चारच्या आत कळवावे. “बघू या” म्हणून टीमला अधांतरी ठेवू नये. कोणी मध्येच तोडल्यास आवाज न चढवता “एवढे वाक्य पूर्ण करतो, मग तुमचे ऐकू” असे म्हणावे. भाषणकलेचे वर्ग लावण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण माझ्या मते त्याची घाई नको. नाजूक विषय मात्र संबंधितांशी आधीच एकेकट्याने बोलून घ्यावेत. ऐकून घेण्याच्या त्या कामात अबोल माणसाचा हात धरणारे फार थोडे असतात.